तीनशे बारा स्थळं आणि एक बाण

"एक तास! फार तर सव्वा तास! आत्या, तू चहा टाक, तुझा चहा खाली उतरेपर्यंत कॉम्प्युटर कोरा करकरीत!"

सोमवारी सकाळी, चेंदणी कोळीवाड्यातल्या आपल्या आत्याच्या ओटीवर उभं राहून नाथाने हे जाहीर केलं, तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरसावलेल्या होत्या. कॉम्प्युटरच्या कामाला बाह्या कशाला सरसावाव्या लागतात, हे आवडाबाईंना कळलं नाही. पण ऑपरेशनला निघालेला डॉक्टर असाच दिसत असणार, असं धरून त्यांनी चहा टाकला.

साल सत्त्याण्णव. नाथा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता. डोंबिवलीला जाऊन त्याने सहा आठवड्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लग्नाच्या फोटोशेजारी लावलेलं होतं, आणि त्याची फ्रेम लग्नाच्या फोटोपेक्षा चार बोटं मोठी होती. त्याची बायको नीला पुसताना लग्नाचा फोटो दोनदा पुसायची.

आवडाबाईंनी तीस-पस्तीस वर्षं ठाण्याच्या मार्केटात मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी टोपली सुनेकडे दिली आणि ओटीवर समाजाचं वधू-वर सूचक मंडळ काढलं. मंडळाच्या अध्यक्ष त्या, चिटणीस त्या आणि शिपाईही त्याच. ठाण्यापासून दिवा, डोंबिवली, कल्याणपर्यंत खाडीकाठची सगळी लग्नाळू पोरं त्यांच्याकडे नोंदलेली. त्यांच्या थोरल्या बहिणीला तीस वर्षांचा म्हणून दाखवलेला नवरा मांडवात पन्नाशीचा निघाला होता. तेव्हापासून आवडाबाईंचा एकच हट्ट. मंडळात नाव लिहायचं तर खरं लिहायचं.

गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या कंपनीने मंडळाला जुना कॉम्प्युटर दिला. नाथाने महिनाभर रोज संध्याकाळी बसून तीनशे बारा स्थळं एका बोटाने टाइप केली. आणि काम संपल्यावर मोठ्या रुबाबात म्हणाला, "आता हे कागद कशाला हवेत, आत्या? घरात वाळवी होईल!" मग सगळे फॉर्म गल्लीच्या तोंडाशी सुकी मासळी विकणाऱ्या ठमाबाईंकडे रद्दीत गेले.

त्या कॉम्प्युटरला आता व्हायरस झालेला. बटण दाबलं की विंडोज उघडेपर्यंत आवडाबाईंची वाटाभर कोलंबी सोलून व्हायची. उघडल्यावर तो एकदा 'टिंग' करायचा आणि शाळेतल्या ढ पोरासारखा एकटक बघत बसायचा. येत्या रविवारी समाजाचा मेळावा! त्याआधी यादी छापायची होती. उपाय एकच, असं नाथाचं मत पडलं. डिस्क पुसायची, म्हणजे फॉरमॅट मारायचं, आणि विंडोज नव्याने टाकायची.

"पुसायची म्हणजे?" आवडाबाई दचकल्या. "आणि माझी पोरं?"

"अगं, तीच तर गंमत! आधी बॅकअप!"

नाथाने खिशातून नवी फ्लॉपी काढली. स्क्रीनवर 'स्थळं' असं लिहिलेलं एक चित्र होतं. रोज त्यावर टिचकी मारली की यादी उघडायची. त्याने ते चित्र फ्लॉपीवर पाठवलं. अर्धा सेकंद! फ्लॉपीने एकदा घशात खरखर केली आणि काम संपलं.

"बघितलंस? तीनशे बारा माणसं अर्ध्या सेकंदात! आणि फ्लॉपीत अजून जागाच जागा!"

चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. नाथाला तो रोज दिसायचा. 'स्थळं इथे आहेत' असं दाखवायला असेल, असा त्याचा समज. कोर्समध्ये बाणाचा धडा होता, त्या दिवशी तो मावसभावाच्या हळदीला गेलेला.

आणखी सुरक्षा म्हणून त्याने दुसऱ्या फ्लॉपीवरही तेच चित्र घेतलं, घरी धावत जाऊन ती नीलाच्या कपाटात शालूखाली ठेवली आणि परत आला.

मग त्याने काळ्या पडद्यावर फॉरमॅटचा हुकूम लिहिला. कॉम्प्युटरने इंग्रजीत बजावलं, की डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जाऊ का? नाथाने छाती फुगवून 'वाय'चं बटण दाबलं. इतक्या जोरात, की टेबलावरचा स्टीलचा पेला हलला.

विंडोज टाकायला सव्वा तास नाही, चार तास लागले. सीडीचा लांबलचक नंबर मित्राने कागदावर लिहून दिलेला, त्यात शून्य कुठलं आणि 'ओ' कुठला हे ब्रह्मदेवालाच ठाऊक. तीन वेळा चहा झाला. पण शेवटी निळ्या आभाळावर पांढरे ढग उगवले, आणि कॉम्प्युटर असा झटकन उघडला की आवडाबाईंच्या हातात एकच कोलंबी सोललेली!

"आता तुझी पोरं," म्हणत नाथाने फ्लॉपी घातली आणि चित्रावर टिचकी मारली.

स्क्रीनवर एक बॅटरी आली आणि इकडून तिकडे प्रकाश मारू लागली.

"काय करतो रं तो?"

"शोधतोय."

"आता तर खिशात होती!"

बॅटरी बराच वेळ फिरली. मग कॉम्प्युटरने सांगितलं, की सापडत नाही. नाथाने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा बॅटरी. त्याच्या कानामागून घामाची धार सुटली.

"ही फ्लॉपी जरा... ओली झालीय. घरची घेऊन येतो," म्हणत तो उठला. घरी शालू बाहेर, साड्या बाहेर, फ्लॉपी हातात, परत आत्याकडे. आवडाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या म्हणून बरं. तीच बॅटरी!

कोपऱ्यावरच्या पीसीओमधून त्याने कोर्सच्या शुभदा मॅडमना फोन लावला.

"चित्राच्या कोपऱ्यात बाण होता का?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"होता ना! छान होता!"

"नाथा, ती यादी नव्हती. यादीकडे जायची पाटी होती. समज, घराच्या वाटेवर पाटी असते. तू पाटी उपटून खिशात घातलीस."

"आणि घर?"

"घर तू फॉरमॅट मारलंस. त्यावर नवी विंडोज पण टाकलीस?"

"टाकली," नाथा अगदी बारीक आवाजात म्हणाला. "चांगली चालतेय."

मॅडम म्हणाल्या, "कागद असतील ना फॉर्मचे?"

नाथा पीसीओमधून थेट ठमाबाईंकडे पळाला. फॉर्म चार महिन्यांपूर्वीच बोंबलांबरोबर घरोघर गेलेले. बुडाशी अकरा उरले होते. त्यातल्या नऊंवर सुकटाचं तेल पसरून अक्षरं उडालेली. दहाव्यावर मुलीचं नाव शिल्लक होतं आणि अकराव्यावर नुसती अपेक्षा, 'मुलगा निर्व्यसनी हवा.'

घरी आल्यावर त्याने नीलाला सगळं सांगितलं. नीलाने आधी कपाटाबाहेर पडलेला शालू उचलून घडी घातली.

"आत्याबाईंना सांग."

"सांगणार. मेळाव्यानंतर."

"अरे, मेळाव्यात यादी काय कोरी वाटणार?"

"यादी परत गोळा करतो! घरोघरी जाऊन! म्हणायचं, कॉम्प्युटरची पडताळणी चाललीय."

मंगळवारी रजा टाकून, वही घेऊन नाथा निघाला. सुरुवात मुलींपासून करायची असं त्याने ठरवलं. हीच पुढची चूक.

पहिलं घर काळुरामचं. त्याची मुलगी गोदा बालवाडीत शिकवायची.

"लिही," काळुराम पाटावर मांडी ठोकून म्हणाला. "गोदा. वय चोवीस."

"काका, मागच्या वेळी सत्तावीस लिहिलेलं ना?"

"मागच्या वेळी घाईत मोजलं. उंची पाच चार."

गोदा दाराशी उभी होती. दाराच्या कडीपर्यंत ती कशीबशी पोचत होती. ती हसून म्हणाली, "बाबा, अजून दोनदा फॉर्म भरला तर माझ्याच बालवाडीत नाव घालाल माझं."

"तू आत जा गं!"

घरोघर तोच प्रकार. पडताळणी म्हटल्यावर लोकांना वाटलं, कॉम्प्युटर मार्क देतोय. मग कोण मागे राहणार? संध्याकाळपर्यंत वहीत एक्केचाळीस मुली जमल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चोवीस वर्षांच्या, पाच फूट चार इंच, गोऱ्या आणि गृहकृत्यदक्ष! एकाच साच्यातून काढलेल्या शेवयांसारख्या. शिवाय प्रत्येक घरी सरबत आणि पोहे. 'घेतल्याशिवाय उठायचं नाय' म्हणून नवव्या घरी त्याला उठताच येईना.

बुधवारी नळावर बातमी फुटली. नाथा मुली बघत फिरतोय! वहीत वय नि उंची लिहून घेतोय! सकाळी म्हणत होते, 'बिचाऱ्या नीलाला पत्ताच नाही.' दुपारी म्हणायला लागले, 'तिनेच परवानगी दिलीय.' संध्याकाळपर्यंत मुलगीही ठरलेली, फक्त ती कोण यावर दोन गट पडले होते.

बातमी दिव्याला कशी पोचली देव जाणे! गुरुवारी सकाळी नाथाची सासू भागीरथी दारात हजर. दिव्याला पाण्याची बोंब, म्हणून ती लेकीकडे यायची तेव्हा दोन्ही हातांत पाण्याचे रिकामे कॅन असायचे. आज हातात एकही कॅन नव्हता. प्रकरण गंभीर आहे, हे नाथाने तिथेच ओळखलं.

"माझ्या लेकीत काय कमी पडलं ते सांगा, जावईबापू!"

"आई, तो मुली बघत नाहीये," नीला म्हणाली. "माहिती गोळा करतोय."

"आमच्या वेळी पण आधी माहितीच गोळा करायचे!"

"तसं नाही हो, फ्लॉपीवर बाण होता..." नाथा म्हणाला.

"कुणाचा बाण? कुठल्या मदनाचा?"

भागीरथीने जावयाचं मनगट धरलं ते थेट आवडाबाईंच्या ओटीपर्यंत सोडलं नाही. मागून नीला. तिच्या मागे नळावरच्या सात-आठ बायका, हातात भरलेल्या कळश्या तशाच.

"आवडाबाय, तुमचा भाचा दुसरं लग्न करतोय!"

आवडाबाईंनी नाथाकडे पाहिलं. मासळी घेताना कल्ला उचलून बघावा, तसं.

"खरं काय ते बोल."

आणि नाथाला एकदम रडूच फुटलं. एकतीस वर्षांचा माणूस, मिशी असलेला! चित्र, बाण, पाटी, बॅटरी, ठमाबाईंचे बोंबील, सगळं त्याने एका दमात ओकून टाकलं. बायकांनी कळश्या खाली ठेवल्या.

आवडाबाईंनी बंद कॉम्प्युटरवर तळहात ठेवला.

"सगळी गेली?"

"सगळी."

"मग चार दिवस मना का नाय सांगितलंस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"नाही. तुला वाईट वाटेल, त्याची."

"वाईट वाटलं," आवडाबाई म्हणाल्या. "झालं वाटून. वही दाव."

नीलाने वही वाचून दाखवली. सातव्या गोऱ्या, चोवीस वर्षांच्या, पाच फूट चार इंचाला आवडाबाईंनी हात वर केला. "फेक ती खाडीत. कॉम्प्युटर चालू कर. मी बोलते, तू लिही."

"तुला आठवतंय?"

"अरं, मार्केटात उभी होते तेव्हा शंभर घरांचं कोण काय खातो ते डोक्यात असायचं. ही तर माझी पोरं. लिही!"

आणि आवडाबाई सुरू झाल्या. गल्लीवार, घरवार, एका दमात! वय विसरलं की म्हणायच्या, "तो जन्मला त्या साली भाऊंची होडी बुडाली, बघ कुठलं साल." दिव्याकडची स्थळं आली की भागीरथी भर घालायची. तिने रागाने आणलेला चेहरा कधीच बाजूला ठेवलेला. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी दुपारपर्यंत दिवसरात्र हे चाललं. नाथा एका बोटाचा दोन बोटांवर आला. आत्या जे जे बोलेल ते सगळं तो टाइप करत गेला. आता एक शब्द गाळायची त्याची छाती नव्हती. नको ते नंतर काढू, असं त्याने ठरवलं.

शनिवारी दुपारी खरंच त्याने बसून नको ते काढलं. एका फाइलला नाव दिलं 'कच्ची', दुसरीला 'पक्की'. फ्लॉपीवर घेताना भिंग लावून पाहिलं, बाण नाही ना? नीलानेही पाहिलं. बाण नव्हता! नाथा उड्या मारत स्टेशनजवळच्या छापणाऱ्या दुकानात गेला. बाणाच्या नादात फाइलचं नाव मात्र दोघांनीही वाचलं नव्हतं.

रविवारी समाजाचं सभागृह गच्च भरलं. दोनशे पुस्तिका वाटल्या गेल्या. मंचावर आवडाबाई, शेजारी माईक. नाथा दाराशी इस्त्रीच्या शर्टात, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "सगळं कॉम्प्युटरवर केलंय."

आधी पानं उलटल्याचा आवाज. मग डावीकडून कुणीतरी फसकन हसलं. मग उजवीकडून एक किंकाळी! नाथाने एका बाईंच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

'नंबर चाळीस. मुलगा वीजमंडळात. स्वभावाने गरीब. अजून आईने कालवलेला भात खातो, आधी त्याला चमचा शिकवावा.'

'नंबर त्रेसष्ट. मुलगी देखणी. माहेरची माणसं भांडकुदळ, घर जरा लांब बघावं.'

'नंबर एकशे सात. मुलगा निर्व्यसनी. म्हणजे घरात.'

'नंबर बारा. काळुरामची गोदा. वय सत्तावीस, बाप चोवीस सांगेल. उंची पाचाच्या आतली. घर तीच चालवते, बापाला वाटतं तो चालवतो. जो हिला करील त्याचं भलं होईल.'

काळुराम पुस्तिकेची सुरळी करून मंचाकडे धावला. "आवडाबाय! हे काय छापलंत?"

आवडाबाईंना वाचता यायचं ते सहीपुरतं. "काय छापलंस रं नाथा?" त्यांनी चुकून माईकमध्येच विचारलं.

"तू... तू बोललीस तेच."

"सगळं?"

"सगळं."

नाथा दाराचं अंतर मोजत होता. तेवढ्यात गोदा उठली.

"बाबा, बसा. यातलं खोटं काय आहे ते सांगा."

काळुरामने सुरळीने कपाळ खाजवलं. "उंची," तो शेवटी म्हणाला. "उंची पाचाच्या वर आहे."

"चपला घालून," गोदा म्हणाली.

या वेळी पहिला हसला तो नंबर चाळीस. वीजमंडळातला, भातवाला. त्याचं हसणं असं मोकळं होतं, की त्याची आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, आणि मग बांध फुटला. लोक एकमेकांची पानं वाचून दाखवू लागले. ज्याला त्याला शेजाऱ्याबद्दलचं अगदी खरं वाटत होतं आणि आपल्याबद्दलचं थोडं जास्त. एक बाई तर चिडून मंचावर आल्या, की माझ्या मुलाबद्दल दोनच ओळी का? आमच्यात काय दोष नाहीत?

नंबर चाळीस सरळ गोदासमोर जाऊन उभा राहिला. "मला चमचा येतो," तो म्हणाला. "आईला वाईट वाटतं म्हणून कुणाला सांगत नाही." गोदाने त्याला बसायला खुर्ची सरकवली. काळुराम लांबून बघत होता. पण त्याने हातातली सुरळी हळूहळू सोडवली, आणि नंबर चाळीसचं पान काढून वाचायला घेतलं.

दरवर्षी मेळाव्यात दोन-तीन बोलणी व्हायची. त्या दिवशी दुपारपर्यंत चौदा घरं एकमेकांचे पत्ते लिहून घेत होती. आवडाबाई माईकसमोर नुसत्या डोळे पुसत बसलेल्या. कुणी विचारलं तर म्हणत होत्या, "पंख्याची हवा लागते."

नाथाच्या जिवात जीव आला. कॉलर नीट करून तो नीलाशेजारी जाऊन उभा राहिला. "बघितलंस? शेवटी कॉम्प्युटरची कमाल!"

तेवढ्यात डोंबिवलीकडचे एक वयस्कर गृहस्थ, दामाजी नावाचे, पुस्तिका उघडी धरून त्यांच्यापाशी आले. "पोरी, तू मंडळाची ना? आमच्या पुतणीसाठी हा शेवटचा मुलगा बरा वाटतो. तीनशे तेरा नंबर."

"तीनशे तेरा?" नाथा म्हणाला. "यादी तर तीनशे बाराची आहे!"

नीलाने पुस्तिका घेतली आणि मोठ्याने वाचलं. "'झाली पोरं सगळी. आता हा आमचा नाथा. वय एकतीस. नोकरी कायम. अक्कल बेताची, पण मन साफ. उशिरा का होईना, खरं बोलतो.'"

शनिवारी दुपारी, टायपिंग संपताना, आत्या हे नीलाकडे बघून बोलली होती. नाथाची बोटं आपोआप चालत होती, आणि नको ते काढताना तो तीनशे बारावरच थांबला होता.

"कसा आहे मुलगा?" दामाजींनी आशेने विचारलं.

नीलाने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं.

"स्थळ चांगलं आहे, काका," ती म्हणाली. "फक्त वापरलेलं आहे."